वलीवाले मास्तर

आमचे परशुरामपंत, म्हणजे माझ्या गोदाक्काचे यजमान, ठाण्याच्या शाळेत मास्तर होते. हट्टात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. डोंबिवली, बोरिवली, कांदिवली. नावाच्या शेवटी ही 'वली' आली कुठून, याचा त्यांनी ध्यास घेतला. पुण्याचे एक शास्त्रीबुवा म्हणत, वली म्हणजे आवली, घरांची रांग. पंत म्हणत, छे! कानडीतली हळ्ळी, तमिळातली पळ्ळी, संस्कृतातली पल्ली या सगळ्या एकाच घरच्या, आणि आपली वली त्यांची बहीण. अर्थ एकच, वस्ती.

शास्त्रीबुवांनी पुरावा मागितला. एकाच झोपडीच्या पाड्यालाही वली लागते असं दाखवलं, की रांग आपोआप मोडली! म्हणून १८७४ पासून दर रविवारी पंत वही घेऊन खाडीकाठची मिठागरं तुडवू लागले, भेटेल त्याला विचारून वलीची नावं टिपू लागले. गोदाक्काने वीस वर्षं त्यांच्या रविवारांवर पाणी सोडलं. वहीत तीनशे बारा नावं जमली.

अखेर मुंबईची एक विद्वानांची सभा पुस्तक छापायला तयार झाली. अट एकच, दोन-चार पाडे पंतांखेरीज आणखी कुणीतरी डोळ्यांनी पाहून यायचे. पंत मला कळव्याला घेऊन गेले. मिठागराच्या बांधावर म्हातारा धाकू बसला होता. पहिली नावं त्यानेच सांगितलेली.

"धाकू, काळूवली कुठे रे?"

धाकूने मान खाली घातली. "न्हाय कुठं, मास्तर. काळू आमचा बैल व्हता."

"म्हणजे?"

"तवा आमाला वाटला, तुमी सरकारचं मानूस. पाडं लिवून नेशाल न् मिठागरां बंद कराल. मंग गावोगाव निरोप धारला, वहीवाला आला तं खोटा नाव सांगाचा."

"यातली खरी किती?" पंतांनी वही पुढे केली.

"आता कोनला ठाव? सांगनारी समदी मेली." पंतांचा चेहरा पाहून तो भला माणूस कळवळला. "मास्तर, तुमाला कंचा नाव पायजे? सांगा, आमी तोच ठेवू पाड्याला."

मला संताप आला, पण रागवायचं कुणावर? परतताना मी म्हणालो, "संशयाची नावं गाळून टाका."

"कुठली?" पंत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सभेला पत्र लिहिलं: माझ्याकडे पुरावा नाही, शास्त्रीबुवांचं मत ग्राह्य धरावं. पत्र टपालात मीच टाकलं. पंतांचंच खरं होतं असं मला आजही वाटतं, पण दाखवायला माझ्यापाशीही काही नाही.