मामूंचं मत

सिलेक्टर मामूंनी आयुष्यात कधी बॉलला पाय लावला नव्हता, पण आमच्या टीममध्ये कोणाला घ्यावं आणि कोणाला घेऊ नये याबद्दल त्यांना मत नाही, असं कधी झालं नाही. मॅच चालू असताना ते चहा आणायला जात, ओळखीचा कोणी भेटला की गप्पा मारत उभे राहत, गोल झाला की मागे वळून विचारत, "कोणी घातला?" पिकिंगच्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी हजर. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, आणि चेहरा असा की जणू मुलीकडची मंडळी यायची आहेत.

आमचं पिकिंग म्हणजे इथे बहरीनमधल्या भारतीयांच्या हिवाळी लीगमधली खेळाडूंची वाटणी. दर वर्षी प्रत्येक टीमने दोन जुने खेळाडू ठेवायचे, बाकीचे सगळे सोडून द्यायचे. मग शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर मनामातल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये सगळे जमायचे. बिर्याणी झाली की चिठ्ठ्या टाकून कॅप्टनांचा क्रम ठरायचा आणि एकेकाने आपल्या पाळीला एकेक खेळाडू उचलायचा. खेळाडू तिथेच भिंतीला लागून बसलेले असत. नाव पुकारलं की उभं राहायचं, कुठे खेळतो ते सांगायचं, शिफ्ट सांगायची, आणि ज्याने उचललं त्याच्या टेबलावर जाऊन बसायचं. शेवटपर्यंत भिंतीशी राहिलेल्यांकडे कोणी बघत नसे. मी मनामातल्या नईम मोहल्ल्याच्या टीमचा कॅप्टन, ठाण्याहून आलेला अकाउंटंट, डावीकडचा बचाव सांभाळणारा. माझ्या उजव्या हाताला मामू.

"कॅप्टन, पाय मागनं बग. आदी लीव्ह विचार." हे त्यांचं पहिलं वाक्य, दर वर्षी. त्यात तथ्य होतं. एका सीझनला आम्ही लीगमधला सर्वांत चांगला स्ट्रायकर उचलला आणि तो सेमीफायनलच्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाला गावी गेला. तेव्हापासून मामू खेळाडूची चौकशी स्थळाची करावी तशी करत. व्हिसा कधी संपतो, नाइट शिफ्ट असते का, घरी कोणाचं लग्न काढलंय का. लग्न झालेले खेळाडू त्यांना पसंत असत. "बायको इथं असलेला माणूस प्रॅक्टिसला टायमावर येतो," ते म्हणत, "त्याला घरातनं भायेर पडायचा असतो." हे मी घरी सांगितलं तेव्हा माझी बायको म्हणाली, "मामूंना म्हणावं, आमच्याकडचा खेळाडू घरातून बाहेर पडला की परत यायचं बघत नाही."

रंगीत बुटांवर त्यांचा राग होता. केळ्याच्या सालीसारखे पिवळे बूट घालून कोणी उभा राहिला की मामू मान फिरवत. बूट घरून घालून येणारा लवकर दमतो आणि मैदानावर बसून सावकाश नाड्या बांधणारा शेवटपर्यंत टिकतो, हाही त्यांचा सिद्धांत. या सगळ्याचा खेळाशी काय संबंध असं विचारलं तर म्हणत, "खेळाचा काय, तो सगळ्यांना येतो."

त्यांची मतं बहुतेक चुकत, हे सांगितलं पाहिजे. एका बारीकशा पोराला मी घेणार होतो. "वाऱ्यानं पडंल," म्हणून मामूंनी माझा हात खाली ओढला. तो अमवाज बेटांवरच्या टीमने उचलला आणि त्या सीझनला दोन्ही मॅचमध्ये त्याने आमच्यावर गोल केले. मी मामूंकडे बघितलं. "तो काय घालत नाय," ते शांतपणे म्हणाले, "आपला गोली देतो." चूक कबूल करणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. आम्ही त्यांच्या मतांची यथेच्छ टिंगल करायचो आणि पुढच्या पिकिंगला पुन्हा त्यांना शेजारी बसवायचो. का, ते मला सांगता येणार नाही. परदेशात आपल्या बाजूने कोणीतरी इतकं पोटतिडकीने चुकतंय, याचं बरं वाटत असावं.

एक मात्र होतं. मामू जे काही बोलत ते कॅप्टनच्या कानात. खेळाडूच्या तोंडावर त्यांनी कधी बरं म्हटलं नाही की वाईट. मॅच हरवून आलेल्या पोरालाही ते फक्त पाण्याची बाटली देत आणि मग माझ्याकडे येऊन त्याची सालं काढत. "खेळाडूला सांगून मफी फायदा, कायपन उपेग नाय. त्याच्या डोक्यात जाता," ते म्हणत. "मत कॅप्टनला द्यायचा."

मामू मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. मआमीरला एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होते आणि नईमात चौघांबरोबर एका खोलीत राहत. मी बहरीनला आलो त्याच्या कितीतरी आधीपासून ते इथे होते. बायको गावी वारली तेव्हा विमान मिळून पोचेपर्यंत दफन झालेलं होतं. परत आल्यावर ते मैदानावर आले, मी जवळ गेलो, तर म्हणाले, "खलास," आणि विचारलं, गोलीचं बोट बरं झालं का. मी म्हटलं, झालं.

त्यानंतर त्यांनी मुलाला इथे आणलं. मुबीन त्याचं नाव. आयटीआय झालेला, उंच, कमी बोलणारा. अमवाजच्या इमारतींमध्ये एसीच्या मेंटेनन्सवर त्याला काम मिळालं आणि तो कंपनीच्या खोलीत राहू लागला. शुक्रवारी बापलेक भेटत.
"जेवलास?"
"होय, अब्बा."
"शिफ्ट कंची?"
"मॉर्निंग."
मग दोघं शेजारी उभे राहून मैदानाकडे बघत. मला वाटायचं, नवीन आहे, होईल सवय. पण ज्याला तुम्ही दर दोन वर्षांनी सुट्टीपुरतं भेटलात आणि जो प्रत्येक वेळी हातभर वाढलेला दिसला, त्याच्याशी बोलायची सुरुवात नेमकी कुठून करायची, हे मामूंना ठाऊक नव्हतं. मुबीनलाही नव्हतं.

त्या वर्षी पिकिंगच्या यादीत मुबीनचं नाव आलं. तो खेळतो हे आम्हाला तेव्हाच कळलं. नाव पुकारल्यावर भिंतीपासून उठला, म्हणाला, "विंगर. मॉर्निंग शिफ्ट. लीव्ह एवढ्यात नाय." पाळी आमची होती. अख्खा हॉल मामूंकडे बघत होता. मी नेहमीसारखा कान त्यांच्याकडे नेला.

"मना ठाव नाय," मामू म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं.

"ठाव नाय रे, कॅप्टन. मी त्याला खेळताना बगितलाच नाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते अगदी हळू, आणि स्टोअरमधला माल सांगावा तसं. त्यांच्या वर्कशॉपमध्ये सुट्टी मिळायची ती उन्हाळ्यात, इथलं काम मंदावतं तेव्हा. म्हणजे जुलैत. गावात पोरं फुटबॉल खेळत ती भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात. मामू जुलैत पोचत तेव्हा त्या शेतात गुडघाभर चिखल आणि लावणी चाललेली. ते सुट्टी संपवून परत येत, भात पिकायचं, कापलं जायचं, मग पोरं गोलाचे बांबू रोवत. "घरवाली फोनवर सांगायची, चांगला पळतो म्हणून," मामू म्हणाले. "आता आई तर चांगलाच सांगनार."

समोरून कोणीतरी घाई करत "यल्ला, यल्ला" ओरडलं. आम्हाला बचावाला माणूस हवा होता. मी दुसरं नाव घेतलं. पुढच्याच पाळीला अमवाजने मुबीनला उचललं. तो आमच्या टेबलासमोरून त्यांच्याकडे गेला. "बरा झाला," मामू म्हणाले आणि चहात साखर ढवळत बसले. साखर त्यांनी घातलीच नव्हती.

त्या सीझनला मामू आमच्या मॅचना आले, आणि अमवाजच्याही प्रत्येक मॅचला गेले. मआमीरहून थेट, कामाच्या कपड्यांत, कोणाच्या तरी गाडीतून. तिथे ते चहाला जात नसत. कोणाशी गप्पा नाहीत. गोलामागच्या जाळीला बोटं अडकवून उभे. मुबीनला ते दिसत असणारच, पण तो तिकडे बघत नसे. आम्ही अमवाजशी खेळलो तेव्हा मुबीन माझ्याच बाजूला होता. दोनदा मला चकवून गेला, एकदा त्याचा फटका खांबाला लागून परत आला. एरवी असं झालं की मामू बाहेरून माझ्या नावाने शंख करायचे. त्या दिवशी आवाज नाही. मॅच संपल्यावर मी विचारलं, "काय मत?"

"अजून बगतोय," ते म्हणाले.

बघायला त्यांच्याकडे वेळ थोडा राहिला होता. वर्कशॉप बंद होणार होतं आणि त्यांच्या वयाच्या माणसाला दुसरीकडे नवा व्हिसा कोण देणार. मामूंनी मालकाकडे कधी काही मागितलं नव्हतं. या वेळी एकच मागितलं, सीझन संपेपर्यंत राहू द्या. मालक भला होता, पण कागद त्याच्या हातात नव्हते. फायनलच्या आधीच मामूंची जायची तारीख आली. अमवाज फायनलला पोचली होती.

विमानतळावर मी सोडायला गेलो. मुबीन शिफ्टवरून परस्पर येणार होता. गाडी मुहर्रकच्या पुलावर चढली तेव्हा मामू एकदम बोलायला लागले. पिकिंगच्या टेबलावर बोलावं तसं, माझ्या कानाकडे झुकून, गाडीत तिसरं कोणी नसताना.

"डावा पाय नाय त्याला. सगळा उजव्यावर. वळायला टाइम लावतो. हेडर मारताना डोळे मिटतो, मी बगितला. आन पास द्यायचा तेवा देत नाय, एक पाऊल जास्ती टाकतो."

मी म्हटलं, "मग घ्यायचा नाही तर."

मामूंनी खिडकीची काच खाली केली. "बॉल गेला ना कॅप्टन, की सगळे कमरेवर हात ठेवून उभे ऱ्हातात. हा मागं धावतो. गेलेल्या बॉलच्या मागं धावतो. पुडच्या साली घे त्याला."

"कितव्या फेरीत?"

"ते तू ठरव. मी बाप हाय, माझा मत धरू नको."

"हे त्याला सांगितलंत का?"

"त्याला कशाला सांगायचा?" ते चकित होऊन म्हणाले.

विमानतळावर मुबीन युनिफॉर्ममध्येच उभा होता. त्याने बॅगा ट्रॉलीवर चढवल्या. मामूंनी विचारलं, जेवलास? तो होय म्हणाला. पोचलो की फोन करतो, मामू म्हणाले. मुबीनने मान हलवली. मग मामू आत गेले आणि आम्ही दोघं पार्किंगपर्यंत चालत आलो.

जुलैत मामू गेले. गावी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. टीमच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात महिनाअखेरचा हिशेब जुळवत होतो. मेसेज वाचला, फोन उलटा ठेवला आणि हिशेब पुरा केला. घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिला रडू आलं. मला काही होईना. वाईट वाटेल म्हणून मी वाट बघत होतो, तेही नाही. जेवण गेलं, झोप लागली. ग्रुपवर पोरं मामूंचे किस्से टाकत होती, ते मी दुसऱ्या कोणाच्या घरातले असावेत तसे वाचले. मुबीनला रजा मिळाली, तो जाऊन आला. भेटलो तेव्हा म्हणाला, "लावणी चालू होती." एवढंच.

हिवाळ्यात पिकिंग झालं. बिर्याणी झाली, चिठ्ठ्या टाकल्या, आमची पाळी आली आणि मी पहिल्याच फेरीत मुबीनचं नाव घेतलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. पहिल्या फेरीतला खेळाडू तो नव्हता, हे मलाही कळत होतं. तो येऊन आमच्या टेबलावर बसला. बाकीच्या टीम आपापली नावं पुकारत होत्या. थोड्या वेळाने तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "अब्बा सगळ्यांविषयी तुमाला सांगायचे ना? सगळी पोरं बोलतात."

"हो."

"माझ्याविषयी?"

मी सांगितलं. डावा पाय नाही. वळायला उशीर. हेडरला डोळे मिटतोस. एक पाऊल जास्त टाकतोस. त्याचा चेहरा उतरेल असं वाटलं होतं, पण तो पुढे सरकला.

"अजून?"

बॉल गेल्यावर मागे धावतोस, असं म्हणाले. पुढच्या वर्षी घे, म्हणाले.

"अजून?"

अजून काही नव्हतं. मामूंची मतं तिथे संपली होती. आणि तेव्हा, इतक्या महिन्यांनी, त्या गोंगाटात, मामू गेले हे मला कळलं. हातातला कप मी खाली ठेवला. पलीकडून कोणीतरी ओरडलं, नईम, तुमची पाळी. मी हात वर करून थांबा म्हटलं.

"कॉर्नर घेताना घाई करतोस, म्हणत होते," मी म्हणालो. "दमलास तरी चेहऱ्यावर दाखवत नाहीस, म्हणाले, ते चांगलं आहे. थंडीत तुझा पाय लवकर मोकळा होत नाही, आधी दोन चकरा मारायला सांग, म्हणाले."

मुबीन मान हलवत एकेक ऐकत होता. मग त्याने विचारलं, "हे अब्बाच बोलले?"

"तेच बोलले," मी म्हटलं.