अर्ध्यात अडकलेली बाई

त्रेचाळिसाव्या वर्षी सूनबाईच्या डोक्यात व्यायाम शिकवायचं खूळ शिरलं. इतकी वर्षं ती व्यायामशाळेच्या दाराशी बसून येणाऱ्यांची कार्डं तपासत होती. कोण कुठल्या पायाने लंगडतं, हे तिला बघून बघून पाठ झालं होतं. मग तिने मोबाइलवर प्रशिक्षकांचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. नवरा म्हणाला, "आधी स्वतःचे गुडघे सांभाळ." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

धडे दुपारचे. पडदे ओढलेल्या खोलीत पिवळसर उजेड साचलेला असे, पंखा संथ फिरे, आणि मोबाइलमधली बाई मऊ आवाजात म्हणे, "श्वास घ्या. उठा. बसा." त्या आवाजाने सूनबाई कुठच्या कुठे जायची. डुलकी लागली तर स्वप्नात अख्खं गाव एकदम खुर्चीवरून उठे आणि एकदम बसे. भाजीवाली, पोस्टमन, नवरासुद्धा.

सरावाला माणूस हवा होता. घरात होते सासरे. जन्मभर शिलाई मशीन चालवलेले शिंपी. गेल्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात पडले. हाड जुळलं, पण धीर काही जुळेना. खुर्चीवरून उठायलाही कुणाचा तरी हात लागे. संडासाचं दार नुसतं लोटून ठेवत आणि झालं की भिंतीकडे तोंड करून सुनेला हाक मारत. त्या हाकेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. हल्ली तर ते पाणीसुद्धा कमी पिऊ लागले होते. तिला ते बघवत नसे.

"बाबा, माझ्या परीक्षेसाठी समोर बसता का जरा?"

"परीक्षा तुझी आणि उठाबशा माझ्या?"

"हो."

"बरं. जुनं कापड आहे, जपून ओढ."

समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. मोबाइल त्यांच्या मागे कपाटावर. तिने बाईकडे बघायचं, त्यांनी तिच्याकडे. पण रोज घोडं एकाच ठिकाणी अडे. ते पुढे झुकले की त्यांचा हात हवेत येई आणि तिचाही आपोआप पुढे होई.

एकदा सूनबाईने आगाऊपणा केला. 'अनुभवी प्रशिक्षकांसाठी' असं लिहिलेल्या धड्यांत ती डोकावली. तिथे बाई सांगत होती, "मुरलेला प्रशिक्षक चुकतो कुठे, तर मदतीची घाई करतो. समोरचा तुमचं बघून करतो. तुम्ही हात पुढे केलात, तर तोही हातच पुढे करणार."

सूनबाईच्या ते जिव्हारी लागलं. इतके महिने आपणच त्यांना हात मागायला शिकवत होतो की काय, या विचाराने तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने हाताची घडी घातली. सासऱ्यांनीही घातली. "भांडायला बसल्यासारखं वाटतंय," ते पुटपुटले. बाई झुकली, सूनबाई झुकली, बाई उठू लागली आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. बाई अर्ध्यात अडकली, ना बसलेली ना उभी. सूनबाई पडली आज्ञाधारक, तीही तशीच थांबली. मांड्या थरथरायला लागल्या, हसू फुटायच्या बेतात होतं, आणि तिची नजर समोर गेली.

सासऱ्यांनी खुर्ची सोडली होती. तेही अर्ध्यात होते, घडी घालून, तिच्या तोंडाकडे बघत.

तिचा हात शिवशिवला. तिने स्वतःचंच कोपर घट्ट आवळून धरलं. पंखा फिरत होता, उजेड हलत नव्हता, आणि त्या खोलीत तिघंही जणू पाण्यात तरंगत होती. मग बाईला जाग आली. ती उठली, सूनबाई उठली, सासरे उठले.

त्यांनी हाताची घडी सोडली आणि तळवे उलटसुलट करून पाहिले.

"उठलो की मी!"

"उठलात, बाबा."

ते तिच्या बाजूने हळूहळू पुढे गेले. सवयीने ती दोन पावलं त्यांच्या मागोमाग गेली आणि थांबली. संडासाचं दार लागलं. खोलीत बाई सांगत होती, "आता बसा." सूनबाई उभीच राहिली.

आतून कडी लागल्याचा आवाज आला.