मांडी घालून बसणारी ओफेलिया

ओफेलिया किहादाबद्दल मी चार शब्द चांगले बोलेन यावर माझ्या घरातलं कुणी विश्वास ठेवणार नाही. तीन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा मी तिच्या व्हॅनमधून आमच्या एलॉय गावाहून शेजारच्या कासा ग्रांदेला डायलिसिसला जातो, आणि तीन वर्षं आमचं भांडण चालू आहे. तिचे हुकूम ठरलेले: आधी पट्टा, मग गप्पा. खिडकीला हात लावायचा नाही. मी चाळीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादमकी केलेला माणूस, मला हुकूम सोडायची सवय, ऐकायची नाही.

बाई अठराव्या वर्षी सीमेपलीकडच्या सोनोराहून आली. कापसाच्या शेतांना पाणी दिलं, शाळेच्या स्वयंपाकघरात राबली, दोन मुली वाढवल्या. नवरा चेमा गेला आणि तिने व्हॅन हातात घेतली. जुलै लागला की तिच्या घरात ताटं-पेले टेबलावर उपडे पडलेले असतात आणि दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलेलं असतं. तसं ते आमच्या सगळ्यांच्याच घरी असतं, पण धुळीचं वादळ येणार हे तिला आमच्याआधी तासभर कळतं.

धुळीचा नियम एलॉयमध्ये पोरासोरांना पाठ आहे. रस्ता सोडा, दिवे बंद करा. आणि त्याला जोडून प्रत्येकजण म्हणतो, चेमासारखं करू नका. सहा वर्षांपूर्वी धुळीत चेमाने हायवेच्या कडेला गाडी घेतली, पण दिवे चालूच ठेवले. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला वाटलं, पुढची गाडी चालतेय, रस्ता तिकडेच आहे. तो त्या लाल दिव्यांच्या मागे गेला आणि सरळ चेमावर चढला. ही गोष्ट गावभर सांगत फिरणाऱ्यांत मी पहिला होतो. ‘दिवे विसरला बिचारा,’ असं म्हणायचो आणि मान हलवायचो.

ओफेलियाची तऱ्हा मात्र नियमापलीकडची. धुळीत थांबायची वेळ आली की ती हँडब्रेक ओढते, सगळं बंद करते, बूट काढते आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घालून बसते. “झाली का तपश्चर्या सुरू?” असं मी दर वेळी विचारतो.

त्या शुक्रवारी परतताना व्हॅनमध्ये आम्ही दोघंच पेशंट, मी आणि म्हातारी डेल्फिना. ही डेल्फिना ओफेलियाच्या थोरलीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणतात. डायलिसिस झाल्यावर माणसाचं पिळलेलं फडकं होतं; आम्हा दोघांनाही धड उभं राहवत नव्हतं. हायवेला लागून पाच मिनिटं झाली नाहीत तोच ओफेलिया म्हणाली, “कोमाद्रे, तोंडावर रुमाल घे. तिओ, तुम्ही पण.” मी तिचा काका नाही, पण ती मला तिओच म्हणते.

“कशाला? ऊन पडलंय,” मी म्हणालो.

“मागे बघा.”

मागे बघितलं तर डोंगर दिसेनात. जमिनीपासून आभाळापर्यंत नुसती तपकिरी भिंत, आणि ती आमच्याकडे येत होती. ओफेलियाने पांढरी रेघ ओलांडली, डांबर सोडलं, आणखी आत मातीत गाडी घातली. दिवे बंद केले, हँडब्रेक ओढला, पाय वर घेतले. मी तोंड उघडणार तेवढ्यात अंधार झाला. वारा व्हॅनला असा हलवू लागला की माझे दात एकमेकांवर आपटले.

तेवढ्यात पुढे, वीसेक पावलांवर, दोन लाल ठिपके दिसले. आमच्याच रेषेत कुणीतरी मातीत उतरून थांबलं होतं.

“दिवे चालू ठेवलेत मूर्खाने!” मी ओरडलो.

ओफेलिया पुढे वाकून बघत होती. “दिवे नाहीत ते, तिओ. बाजूचे दोन आणि वर मधला तिसरा. ब्रेकचे आहेत.”

तिने हॉर्न दाबला. तीनदा. लाल ठिपके तसेच. मला तेव्हा उमगलं. मागून येणारा त्या लाल उजेडाचा माग काढत आला, तर वाटेत आधी आम्ही होतो.

“व्हॅन हलव ना!”

“कुठे? डावीकडे रस्त्यावर ट्रक, उजवीकडे कालवा. आणि तुम्हाला दोघांना उतरवून मी कुठे नेऊ?” ती बूट चढवत होती.

“मिहा, पोरी, जाऊ नकोस,” डेल्फिना म्हणाली. तेवढ्या घाबरण्याने तिच्या हाताच्या पट्टीखालून रक्त यायला लागलं होतं.

“तिओ, अंगठा तिथे ठेवा आणि दाबून धरा. माझी वाट बघत खिडकीशी बसू नका.” दार उघडलं, मूठभर माती आत आली, आणि ती गेली.

मी डेल्फिनाचा हात धरून बसलो. ती जपमाळ ओढत होती आणि मध्येच मला शिव्या घालत होती, “हळू रे मेल्या, हात आहे तो, कापसाचं पोतं नाही.” मी लाल ठिपक्यांवरून नजर हलवली नाही. मागून भोंगा आला. ट्रकचा. तो जवळ आला, फार जवळ, व्हॅनच्या काचेवर पिवळा उजेड पसरला. मी देवाला काय म्हणालो ते सांगत नाही, लाज वाटते.

लाल ठिपके विझले.

पिवळा उजेड क्षणभर तिथेच राहिला, मग डावीकडे सरकला. टायर करकरले, व्हॅन एका अंगाला झुकली आणि ट्रक डांबरावरून पुढे निघून गेला. “अंगठा काढ आता,” डेल्फिना म्हणाली. माझा अंगठा निघत नव्हता. तिने तो सोडवून घेतला.

ओफेलिया परतली तेव्हा भुवयांपर्यंत मातीने माखली होती. पाणी पिऊन तिने दोनदा चूळ भरली.

“कोण होतं?”

“फर्मीन न्हावी.”

फर्मीन! ज्याच्या खुर्चीत बसून आम्ही वर्षानुवर्षं गेलेल्या चेमाला शहाणपण शिकवलं, तो फर्मीन.

“त्यांनी सगळं बंद केलं होतं,” ओफेलिया म्हणाली. “दिवे, इंजिन, सगळं. नुसता पाय ब्रेकवर. मी सांगितलं, पाय काढा. हो हो म्हणाले आणि आणखी दाबला. भीतीने लाकूड झालेला पाय. मग मी खाली वाकून दोन्ही हातांनी उचलला.”

वारा थोडा उतरला होता. ती समोर बघून बोलत होती.

“चेमाचंही तेच झालं, तिओ. पोलिसाने मला दिव्यांचं बटण दाखवलं. बंद होतं.”

सहा वर्षं मी एका शहाण्या माणसाला विसराळू ठरवत फिरलो होतो, आणि त्याची बायको मला पट्टा लावून दवाखान्यात नेत होती.

“मग बोलली का नाहीस?”

“त्याच्या नावाने लोक दिवे बंद करायला लागले होते. म्हटलं, असू दे. कुणीतरी वाचेल.” तिने बूट काढले आणि पाय वर घेतले. “चुकलं माझं. अर्धंच शिकवलं गेलं.”

“मी सांगेन,” मी म्हणालो. “उद्याच न्हाव्याकडे जातो. चेमाचे दिवे बंद होते, सगळ्यांसमोर सांगतो.”

“ते नंतर,” ओफेलिया म्हणाली. “आधी पायाचं सांगा.”