पाच लिटरचा नंबर

चंद्रहास वाडेकर न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनमध्ये चार वर्षांपासून राहतात आणि इथल्या निम्म्या मराठी मंडळींना ते फक्त ‘अभिनवचे बाबा’ म्हणून ठाऊक आहेत. गणपतीला कोपऱ्यातली खुर्ची धरतात, कुणी विचारलं तर ‘मजेत’ म्हणतात आणि प्रसादाची वाटी स्वतः धुऊन ठेवतात. या माणसाने चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं उघडली आणि पुन्हा बांधली, हे विचारायला कुणाला सुचत नाही. लोक गाडीबद्दलची अक्कल यूट्यूबवरून आणतात आणि काकांना विचारतात, थंडी सोसते का? मला याचा राग येई. राग मला एरवीही लवकर येतो, असं माझी बायको जुई म्हणते, पण हा रास्त होता.

मी सुशील. ‘ते रापा’ या इथल्या उपनगरातल्या दूध कारखान्यात, लॅबमध्ये कामाला आहे. काकांचा मुलगा अभिनव आणि मी चौदा वर्षांपूर्वी एकाच विमानातून इथे शिकायला आलो. एका खोलीत राहिलो, एका कुकरमधला भात खाल्ला, एकाच जाड जॅकेटमध्ये आळीपाळीने पहिला हिवाळा काढला. त्याच्या लग्नात मी सख्ख्या भावासारखा मिरवलो. हे सगळं सांगतोय ते उगाच नाही.

अभिनव नोकरी सांभाळून जुन्या गाड्या घेतो, नीट करतो आणि विकतो. गेल्या वर्षी त्याने मला सत्तरच्या दशकातली एक ऑस्ट्रेलियन मसल कार विकत दिली. केशरी रंग, दोन दारं, लांबलचक बॉनेट, आठ सिलिंडर. कॉलेजात असल्यापासून मला असली गाडी हवी होती आणि ते सगळ्यात जास्त त्यालाच माहीत होतं. “ओरिजिनल पाच लिटर आहे, सुशा,” तो म्हणाला होता. “इंजिनवरचा नंबर आणि पेपर्समधला नंबर सेम टु सेम. दुसऱ्या कुणाला दिली नसती.” मी टॉर्च मारून नंबर ताडून पाहिला, ओरिजिनलची चढी किंमत मोजली आणि खूश झालो. गाढवाला टॉर्च दिला तरी तो गाढवच राहतो.

या वर्षी तिचा सायलेन्सर गंजून फाटला. ‘ते रापा’तल्या सायलेन्सरवाल्याने पहिलाच प्रश्न विचारला, “इंजिन कुठलं? फोर पॉइंट टू की फाइव्ह?” कंपनीने त्या गाडीत दोन इंजिनं दिली होती आणि बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखी. मी ताठ मानेने पाच म्हटलं. तो म्हणाला, “शुअर, ब्रो?” मला राग आला. पण घरी येताना वाटलं, पाइप ठरवण्याआधी एकदा काकांना दाखवावं. खरं सांगायचं तर मला गाडी मिरवायची होती, कारण काकांनी ती अजून नीट पाहिलीच नव्हती.

शनिवारी सकाळी काका बसने आले. मोज्यांवरच जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, चढवलेल्या, खिशात घडी घातलेलं फडकं. बॉनेट उघडताच त्यांचा चेहरा असा उजळला की मला कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे काका आठवेनात. ते गाडीभोवती फिरून बोलू लागले. “सायलेन्सर आधी घ्यायचा नसतो. आधी इंजिन ओळखायचं. रुंद पाइप घातलास आणि इंजिन लहान निघालं, तर कमी वेगातला जोर जातो आणि नुसता आवाज उरतो. तसली माणसंही असतात.”

मग त्यांनी फडकं रॉकेलमध्ये बुडवून ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्यावरचा, नंबर पुसला, वर खडू घासला, म्हणजे खोदलेले आकडे पांढरे उठून दिसतात. वाकून पाहिलं. पाहतच राहिले. मी म्हटलं, “पाचच ना?” त्यांनी शेवटचा आकडा बोटाने पुन्हा चाचपला. जुईने चहा आणला तर नको म्हणाले. चहाला नाही म्हणणारे काका मी त्याआधी पाहिले नव्हते.

“नंबरावर जाऊ नकोस,” ते शेवटी म्हणाले. “मापून बघू. स्वयंपाकघरात मापाचा जग आहे का?”

जुईने केकसाठीचा जग दिला, पण कपाळाला आठी घालून. काकांनी एका सिलिंडरचा प्लग काढला, त्या सिलिंडरच्या झडपा बंद राहतील अशी तजवीज केली आणि प्लगच्या भोकात रबरी नळी घट्ट बसवली. नळीचं दुसरं टोक बादलीत, पाण्याने भरून उलट्या धरलेल्या जगाखाली. “आता इंजिन हाताने फिरव. पिस्टन तळातून वर येईल तेवढी हवा जगात जाईल. इंजिन पाच लिटरचं असेल तर आठव्या हिश्शाने सव्वासहाशे मिलिलिटर भरली पाहिजे.”

मी पाना लावून इंजिन फिरवलं. बुडबुडे आले आणि थांबले. जगात पाचशे वीस भरली होती. काकांनी पुन्हा करायला लावलं, मग तिसऱ्यांदा दुसऱ्या सिलिंडरवर. पाचशे वीस. लॅबमध्ये माझा दिवस मोजमापातच जातो, त्यामुळे आठने गुणायला मला कागद लागला नाही. चार पॉइंट दोन.

माझं डोकं फिरलं. ओल्या हातानेच मी फोन उचलला. अभिनवला फसवलं असेल कुणीतरी, हा विचार तेव्हाही माझ्या मनात आधी आला, एवढा मी भोळा.

“थांब,” काका म्हणाले. “आधी माझं ऐक. तो नंबर मी मारलाय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“शेवटच्या आकड्यापुढे टिंब आहे बघ. माझी सवय आहे ती. पुढे कुणी आणखी आकडा घुसवू नये म्हणून मी प्रत्येक नंबरापुढे टिंब मारायचो. वर्कशॉपात ब्लॉक तडकला की भंगारात जातो, नवा कोरा ब्लॉक येतो आणि कागदावरचा जुना नंबर त्यावर मारावा लागतो. रोजचं काम होतं ते. रजिस्टरात सही करून. गेल्या वर्षी अभिनवने स्टँडवर बांधलेला ब्लॉक दाखवला. म्हणाला, बाबा, ब्लॉक बदललाय, पेपर्सवरचा नंबर मारून द्या. मला वाटलं, एसटीतल्यासारखंच सरळ काम. मी इथे येताना नंबराचे पंच, म्हणजे आकडे ठोकायचे लोखंडी ठसे, बॅगेत घालून आणले होते. तुझी काकू, मंदाकिनी, चिडली होती, त्या वजनात लोणचं मावलं असतं म्हणून. त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला, सुशील. तिला म्हटलं, पोराला आपली गरज पडली बघ.”

माझा राग काकांवरही गेला होता, क्षणभर. तो तिथेच विरला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. चौदा वर्षांच्या मैत्रीत मला पहिल्यांदा असं वाटलं की अभिनव नावाच्या माणसाला मी ओळखतच नाही. आणि मला निदान मित्र बदलता येत होता. काकांना काय बदलता येणार होतं?

दुपारी अभिनव त्यांना न्यायला आला. बादली, जग आणि खडूने पांढरा झालेला नंबर पाहून त्याला सगळं कळलं. तो गडबडला नाही, याचाच मला जास्त धक्का बसला.

“अरे सुशा, चिल ना. वर्षभर चालवलीस, फरक कळला का तुला? इथे हीप्स ऑफ लोक असंच करतात.”

“मी इथले हीप्स ऑफ लोक नाही,” मी म्हणालो. “मी तुझ्या ताटातलं खाल्लेला माणूस आहे.”

तो काकांकडे वळला. त्याच्या आवाजात चक्क कौतुक होतं. “आणि बाबा, तुमचा हात एकदम फॅक्टरीसारखा आहे. म्हणून तर तुम्हाला सांगितलं. तिन्ही गाड्या गेल्या, कुणी ब्र काढला नाही.”

“तीन ब्लॉक मारले मी,” काका मला म्हणाले, जणू माझी माफी मागत होते. मग त्याला म्हणाले, “चार वर्षांत तू मला हे एवढंच काम सांगितलंस, अभिनव.”

अभिनवने मान वळवली. “चला बाबा, घरी. आई जेवायला थांबलीय.”

“थांबू दे. सुशील, कागद घे. इंग्रजीत लिही, इथल्या लोकांना वाचता आलं पाहिजे. उरलेल्या दोन गाड्या ज्यांनी घेतल्या, त्यांनाही कळलं पाहिजे. तिन्ही नंबर मला पाठ आहेत.”

“बाबा, पोलीस केस होईल,” अभिनव म्हणाला. “तुमचंही नाव येईल त्यात. आणि तुम्ही माझ्या घरात राहता.”

“राहतो,” काका म्हणाले.

मी आत जाऊन पॅड आणलं. बॉनेटवर ठेवून लिहू लागलो. मी, चंद्रहास वाडेकर, या तीन इंजिनांवर हे नंबर माझ्या हाताने मारले. काका सावकाश सांगत होते, एकेक आकडा सुटा करून, आणि मी लिहिलेलं परत वाचायला लावत होते. अभिनव गाडीपाशी किल्ली हातात घेऊन उभा होता. त्याला वाटत असावं, म्हातारा शेवटी कच खाईल. मलाही तसंच वाटत होतं, आणि खरं सांगतो, खावी असंही वाटत होतं.

“कुणाच्या सांगण्यावरून ते लिही,” काका म्हणाले.

“मुलाच्या सांगण्यावरून, एवढं पुरे, काका.”

“मुलाला नाव आहे. पूर्ण लिही.”

मी अभिनव लिहिलं आणि थांबलो. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचं नाव येतं, ते मला आत्ता लिहायचं होतं, आणि माझा हात पुढे जाईना.

“चंद्रहास,” काकांनी सांगितलं. “मग वाडेकर.”