तीन अँपियरची किटली

“मयताच्या घरी रडायला सगळ्याच येतात, चहा मात्र एकीलाच करावा लागतो,” उम्म गस्सान एकदा मला म्हणाली होती.

ती तक्रार नव्हती. चाळीस वर्षं ती ‘एक’ म्हणजे तीच होती. बसऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणी गेलं की पुरुषांसाठी रस्त्यावर मांडव पडायचा, बायका आत भिंतीला टेकून बसायच्या, आणि त्या घरचं कुणीतरी उम्म गस्सानच्या दारात येऊन नुसतं उभं राहायचं. ती काही विचारायची नाही. आपली मोठी किटली उचलून निघायची. पुढचे तीन दिवस ती त्या घरच्या स्वयंपाकघरात. खाली किटली, किटलीच्या तोंडावर चहादाणी, आणि ज्योत इतकी बारीक की आहे की नाही ते वाकून पाहावं लागे. चहा उकळायचा नसतो, मुरू द्यायचा असतो, असं तिचं म्हणणं. वीस मिनिटं त्याला एकटं सोडायचं.

तिचा नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. तो गेला तेव्हाही चहा तिनेच केला. बायका म्हणाल्या, “अगं, आज तरी बस.”

“मी बसले तर तुम्ही काय पिणार, गरम पाणी?” असं म्हणून ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिला रडताना कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी पाठ पाहिली.

ज्याच्या नावावरून ती ‘उम्म गस्सान’, म्हणजे गस्सानची आई, तो मुलगा स्वीडनला गेला आणि तिकडचाच झाला. मुलगी इब्तिसाम लग्न होऊन बगदादला, तिथे बँकेत नोकरीला. दोन खोल्या आणि वर गच्ची एवढ्या घरात उम्म गस्सान एकटी राहिली. आमची भिंत एकच. मी मुलींच्या शाळेत शिकवते, आणि शाळेतून आल्यावर तिच्याकडे इस्तिकानभर चहा घेतल्याशिवाय माझा दिवस पुरा होत नसे. इस्तिकान म्हणजे तो आमचा कमरेत आवळलेला काचेचा छोटा ग्लास. तिच्या चहाचा रंग त्यातून उजेडाला धरून पाहावा असा असायचा.

ज्या वीस मिनिटांत चहा मुरायचा, त्या वीस मिनिटांत हल्ली ती हरवू लागली. कधी गच्चीवर जाऊन बसायची, कधी पलंगाच्या काठावर. कुठे होतीस विचारलं तर म्हणायची, “इथेच तर होते.” किटलीतलं पाणी आटायचं, बूड लाल व्हायचं. दोनदा मला भिंतीपलीकडून वास आला. तिसऱ्यांदा ओट्यावरचं फडकं पेटलं, फडक्यावरून पडदा पेटला, आणि समोरच्या घरची माणसं बादल्या घेऊन धावली.

दुसऱ्या दिवशी इब्तिसाम आली.

“यूम्मा, तू माझ्याबरोबर चल.”

“कुठे?”

“बगदादला.”

“बगदादला माझं काय आहे?”

“मी आहे ना.”

“तू फोनवरही असतेस. तिथे जास्तीची कुठून येणार?”

इब्तिसामला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. ती वाईट मुलगी नाही. आई एक दिवस जळून मरेल या भीतीने ती बगदादला रात्रीची झोपत नव्हती. दिवसभराच्या ओढाताणीनंतर तोडगा निघाला. विजेची किटली घ्यायची. पाणी उकळलं की ती आपली आपण बंद होते. गॅस फक्त दुपारच्या भाताला, तोही मी शेजारी उभी असताना.

“आणि पुन्हा आग लागली तर, यूम्मा, मी काही ऐकणार नाही. घर बंद करून तुला घेऊन जाईन.”

उम्म गस्सानने होकाराची मान हलवली. मान हलवताना ती माझ्याकडे पाहत होती.

अशारच्या बाजारात नाजीचं दुकान आहे. आमच्याकडे विजेची कुठलीही वस्तू घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसतो. सरकारी वीज दिवसातून चार-पाच वेळा जाते, मग गल्लीचा जनरेटर सुरू होतो, आणि जनरेटरवाल्याकडून ज्याने जेवढे अँपियर घेतले तेवढ्यात त्याने भागवायचं. उम्म गस्सानकडे तीन होते. चौथा ओढला की ब्रेकर पडतो, घर काळोखात जातं आणि जनरेटरवाल्याची मनधरणी करावी लागते. म्हणून नाजी प्रत्येक वस्तू आधी मापकाला लावून दाखवतो.

त्याने पहिली काढली ती तुर्की किटली, काचेची, वर तिचीच चहादाणी. पाण्यात निळा दिवा लागायचा.

“हाज्जिया, ही घ्या. मुरलेला चहा देते. खाली पाणी, वर चहा, तुमच्यासारखाच.”

“ओढते किती?”

“आठ.”

“आठ! त्यात गल्लीचं लग्न निघेल.”

“सरकारी विजेवर लावायची, जनरेटरवर नाही.”

“म्हणजे सरकारला विचारून चहा प्यायचा. पुढची काढ.”

दुसरी पांढरी, प्लॅस्टिकची, हॉटेलच्या खोलीत असते तशी. अडीच अँपियर. उम्म गस्सानने ती हातात घेऊन वजन पाहिलं आणि परत ठेवली. “गस्सान फोनवर अशीच दाखवतो. एका मिनिटात पाणी, पाण्यात दोऱ्याची पुडी. तो चहा नाही, आजाऱ्याचं औषध आहे.”

तिसरी पोलादी होती. पोट गोल, वर कमानीसारखी मूठ, तोंड रुंद. पावणेतीन अँपियर. तिने झाकण काढलं, पिशवीतून घरची चहादाणी काढली आणि त्या तोंडावर ठेवून पाहिली. बरोबर बसली. डोळे मिटून तिने दोन बोटांनी चहादाणी हलवून पाहिली. डुगडुगली नाही.

“हीच.”

नाजी थोडा घुटमळला. “हाज्जिया, ही देतो, पण सांगून देतो. खाली बुडाला प्लॅस्टिक आहे. दिसते गॅसवरच्या किटलीसारखी, म्हणून माणसं फसतात. गेल्याच महिन्यात एकाने गॅसवर ठेवली.”

“कोण तो गाढव?”

“मेहुणा माझा.”

“मग तुझ्या बहिणीला दे ती पांढरी. मी काय वेडी आहे?”

मी हळूच म्हटलं, “खाला, पांढरी बरी होती. ती चुकूनही कुणी गॅसवर ठेवणार नाही.”

ती माझ्याकडे वळली. “मैसून, ती घरात असली तर मी चहाच करणार नाही. मग गॅसवर काय आणि खाली काय.”

तिचं म्हणणं खरं होतं. माझंही खरं होतं. पोलादी किटली घेऊन आम्ही घरी आलो.

पहिल्या दिवशी तिने चार वेळा चहा केला आणि चारही वेळा ओतून दिला. पाणी उकळलं की खटका पडायचा आणि किटली गप्प व्हायची. वर ठेवलेल्या चहादाणीला मग नुसती ऊब. खटका पुन्हा दाबायचा, पुन्हा थोडी उकळी, पुन्हा गप्प. ती ओट्यापाशी उभी राहून दर दोन मिनिटांनी दाबत राहायची. “याला दम नाही,” म्हणायची. आठवड्याने तिने युक्ती काढली. चहादाणीला टॉवेल गुंडाळायचा आणि खटका सात वेळा दाबायचा, मोजून. तेवढा वेळ तिथून हलायचं नाही. मी चव घेतली. आधीचा नव्हता, पण चहा होता.

“कसा आहे?”

“चांगला आहे, खाला.”

“खोटारडी. शाळेत मुलींना हेच शिकवतेस?”

पण ती ओट्यापासून हलत नव्हती, हे मोठं होतं. त्या किटलीने तिला पुन्हा चहापाशी उभं केलं होतं. फोनवर इब्तिसाम रोज विचारायची आणि ती रोज सांगायची, “बंद झाली बाई, आपली आपण. तुझ्या बँकेपेक्षा शहाणी आहे.” पाच आठवडे असे गेले. भिंतीपलीकडून वास आला नाही.

मग समोरची उम्म राफिद वारली.

त्या दिवशी सकाळी उम्म गस्सान काळे कपडे घालून, हात गुडघ्यांवर ठेवून दाराशी बसली. कुणी आलं नाही. उम्म राफिदच्या मुलांनी मांडववाल्यालाच सगळं सांगितलं होतं. त्याची माणसं नळाची मोठी भांडी आणि कागदी कपांच्या चळती घेऊन आली. दुपारपर्यंत ती तशीच बसून होती. मी म्हटलं, चल, आपण दोघी जाऊन बसू. ती आली, बायकांमध्ये भिंतीला टेकून बसली. तिथे बसायची तिला सवय नव्हती. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. कुणीतरी तिच्या हातात कप दिला. तिने तो पुढच्या बाईला दिला.

दुसऱ्या दिवशी अमाऱ्याहून नात्यातल्या बायका आल्या आणि त्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. अशा वेळी शेजारची घरं उघडतात. उम्म राफिदची सून सहा बायकांना घेऊन आमच्या बाजूला आली. “खाला, यांना जरा तुमच्याकडे बसू द्या.”

उम्म गस्सान उभी राहिली. किती दिवसांनी तिची पाठ मी सरळ पाहिली. “या, या. अल्ला तुम्हाला सबुरी देवो. मैसून, गाद्या काढ. साखर वरच्या फळीवर आहे.” आणि ती आत गेली.

मी बाहेरच्या खोलीत इस्तिकान मांडत होते. एक म्हातारी उम्म राफिदच्या लहानपणाचं काही सांगत होती, मध्येच रडत होती. आतून खटका पडल्याचा आवाज आला, मग पुन्हा दाबल्याचा. मी मनात मोजत होते. तीन. चार.

वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. कुणी वर पाहिलंसुद्धा नाही, म्हातारीची गोष्ट चालूच राहिली. जनरेटर सुरू व्हायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी पंधरा. आत लायटर खटकला आणि गॅस भसकन पेटला. तो आवाज मी ऐकला. वीज गेल्यावर तो प्रत्येक घरातून येतो. अर्धवट शिजलेलं भांडं विजेच्या शेगडीवरून उचलायचं आणि गॅसवर ठेवायचं, हे आमचे हात आम्हाला न विचारता करतात. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मी चमचे पुसत राहिले.

आधी वास आला. जळक्या रबराचा, घशाला धरणारा. मग काळा धूर स्वयंपाकघराच्या दारातून छताला लागून बाहेर आला. बायका किंचाळत उठल्या. कुणाच्या डोक्यावरचं वस्त्र गळालं, कुणाची चप्पल राहिली, आणि तशाच त्या गल्लीत धावल्या, मांडवात बसलेल्या शंभर पुरुषांसमोर. कुराण वाचणारा वाचता वाचता थांबला. मयताच्या मांडवात असं व्हावं याहून मोठी लाज आमच्यात नाही.

मी आत गेले. किटलीचं बूड वितळून बर्नरवर काळं टपकत होतं आणि प्रत्येक थेंब पेटत होता. उम्म गस्सान एका हातात चहादाणी उंच धरून उभी होती. चहा सांडू नये म्हणून. मी सिलिंडर बंद केला, ओलं पोतं टाकलं.

“वीज गेली होती,” ती म्हणाली.

“हो, खाला.”

“मला ठाऊक होतं ही कुठली किटली आहे ते.”

“हो, खाला.”

“मग कशी ठेवली मी?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं. पण धुराने मला खोकला येत होता, आणि नंतर ते बोलण्याची वेळ निघून गेली.

संध्याकाळी फोन आला. मला वाटलं ती लपवेल. मी तिला लपवू दिलं असतं. पण इब्तिसामने नेहमीचं विचारताच ती म्हणाली, “जळली. मी गॅसवर ठेवली. माणसं होती घरात.”

मांडव उठला त्या दिवशी सकाळी इब्तिसाम गाडी घेऊन आली. ओरडली नाही. कपाट उघडून आईचे कपडे घडी करू लागली. मी तिच्यामागे उभी राहिले.

“इब्तिसाम, ती विसरली नव्हती. वीज गेली आणि हात गॅसकडे गेला. माझाही गेला असता. तुझाही.”

“असेल.”

“पाच आठवडे काही झालं नव्हतं. ती मोजून खटका दाबते. दुसरी घेऊ, ती पांढरी...”

इब्तिसामने हातातली घडी खाली ठेवली. “मैसून, वीज किती वेळा जाते दिवसातून?”

“चार-पाच.”

“मग सांग ना मला. चार-पाच वेळा रोज मी तिकडे बसून काय करू?”

इतक्या वर्षांत या शहरात ते कुणालाही सांगता आलेलं नाही.

उम्म गस्सान पलंगावर बसून हे ऐकत होती. स्वयंपाकघराची भिंत अजून काळी होती आणि घरभर तो वास होता. इब्तिसाम तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“यूम्मा, रागावू नकोस. आमच्याकडे दहा अँपियर आहेत. कामाला बाई आहे. तुला जागचं उठायलासुद्धा लागणार नाही, चहा तुझ्या हातात आणून देतील.”

उम्म गस्सानने तिच्याकडे पाहिलं. तिच्या केसांवरून एकदा हात फिरवला, जमिनीवरून तिला उठवलं. मग स्वतः उठली. मी बॅग उचलायला पुढे झाले तर मला बाजूला सारून तिने ती स्वतः घेतली, एक खांदा वाकवून. उंबऱ्यापाशी चपला घातल्या. समोर मांडवाचे खांब उतरवत होते, गाडीचं मागचं दार उघडं होतं. आम्हा दोघींकडे न बघता ती बाहेर पडली आणि गाडीत जाऊन बसली.