पापलेटच्या पिल्लांचा अभ्यास

अर्नाळ्याच्या एका मावशींकडून मी गेली कित्येक वर्षं मासे घेतो. मासा शिळा असला तर त्या स्वतःच टोपली झाकतात आणि "आज नको सर, उंद्या या," म्हणतात. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्याच्याविषयी बोलताना 'ते सांगतात' असंच म्हणतात.

त्याच्या स्मरणार्थ मावशींनी आमच्या कॉलेजात एक पुरस्कार ठेवला आहे. समुद्रातल्या माशांवर संशोधन करणाऱ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला तो दर वर्षी मिळतो. निवड आम्ही शिक्षक करतो, पण अर्ज मावशींच्या घरी जाऊन वाचून दाखवावे लागतात. त्या डोळे मिटून ऐकतात.

यंदा सर्वांत चांगला अर्ज एका मुलीचा होता. बारीक आसाच्या, म्हणजे लहान छिद्रांच्या, जाळ्यांत पापलेटची पिल्लंच मरतात, ती जाळी बंद व्हायला हवीत, असं तिनं लिहिलं होतं. मावशींचा मुलगा तसलीच जाळी वापरतो, आणि तो समोरच बसला होता. मी अडखळलो.

"थांबलात का? वाचा ना," मावशी म्हणाल्या.

मी वाचलं. मुलगा ताडकन उठून बाहेर गेला.

"पोरगी खोटं लिवते काय, सर?"

"नाही मावशी. खरं आहे."

"मंग तिलाच द्या."

समारंभात प्रमाणपत्र देताना मावशींनी त्या मुलीचा हात धरून ठेवला. "आमच्या बोटीवर ये एकदा," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराला नीट समजावून सांग. माझं आयकत नाय तो."