परत-आत्या

दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, अशी म्हण आहे. ही बाई नुसते दात मोजून थांबणारी नव्हती. तिनं गाईला जांभई द्यायला लावून घसासुद्धा तपासला असता. सगळे तिला आत्या म्हणायचे, तिच्या नावानं बोटं मोडायचे आणि कपडे मात्र तिच्याकडेच टाकायचे, कारण तिच्यासारखी काजं आसपास दुसरं कुणी करत नव्हतं.

तिचं शिलाई मशीन मॉलच्या मागच्या जिन्याखाली होतं. तिथे ताठ उभं राहिलं की डोकं आपटायचं, त्यामुळे मोठ्या गाडीतून उतरलेला माणूस असो की सायकलवरून आलेला, तिच्यापुढे वाकूनच यायचा. तिला ते मनापासून आवडायचं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, अस्तर घालणं, काजं-बटणं, असलं काम. कुणी कंबर सैल करायला आलं की "धुण्यात आटली असेल" असं गिऱ्हाइकाच्या आधी तीच म्हणून टाकायची. एवढी एक सवलत ती जगाला देत असे. बाकी नाकावर माशी बसू द्यायची नाही.

सणाचे दिवस आले, मॉलवर दिव्यांच्या माळा चढल्या, की दर्शनी दाराशी एक टेबल लागायचं. उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी एक निवारा होता, त्याच्यासाठी गरम कपडे गोळा करायचं टेबल. ते तीच लावायची. सणाला माणसाचा हात सैल सुटतो हे खरं, पण कपाट रिकामं करायची घाईही सणालाच असते, आणि दान कुठे संपलं नि अडगळ कुठे सुरू झाली हे भल्याभल्यांना कळत नाही. आत्याला कळायचं. ती आलेला प्रत्येक कपडा उलटा करायची, वास घ्यायची, चेन वरखाली करून बघायची. दुरुस्त होण्यासारखं असेल ते दुरुस्त करायची. ज्याचं काहीच होण्यासारखं नाही ते धुऊन, इस्त्री करून, देणाऱ्याच्या दारात परत नेऊन द्यायची. "तुमचं आमच्याकडे राहिलं होतं," म्हणायची. एकदा एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की अहो, ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना एवढं चालत नाही का? त्यावर हिनं विचारलं, की ज्यांच्याकडे काही नाही त्यांना थंडीही कमी वाजते, हे तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडलं? त्या डॉक्टरीणबाई पुढच्या वर्षी नवीन ब्लँकेटं घेऊन आल्या, आणि कायमच्या मैत्रीण झाल्या. बाकीच्यांनी मात्र तिचं नाव 'परत-आत्या' ठेवलं ते ठेवलंच.

ती अशी का होती, याबद्दल लोकांनी बरेच तर्क लढवले होते. तिचे यजमान निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांना विचारलं तर ते म्हणायचे, "इंजिनच तसं बसवलंय. ब्रेकची मागणी नोंदवलीय, अजून आले नाहीत."

त्या वर्षी मात्र गोष्ट स्वेटरांवर थांबली नाही. आत्याची भाची, तिच्या थोरल्या भावाची मुलगी, त्याच मॉलमध्ये रात्रीची सफाई करायची. तिच्या पाळीला सहाजणी होत्या. दुकानं बंद झाली की या आत जायच्या आणि मागचं शटर बाहेरून कुलूपबंद व्हायचं, ते सकाळी उघडायचं. कारण काय, तर सणाचा माल भरलेला असतो, चोऱ्या वाढतात. म्हणजे चोर बाहेरचा आणि कोंडायचं आतल्यांना. एका रात्री दिव्यांच्या माळेची वायर जळाली आणि दुसऱ्या मजल्यावर धूर झाला. सहाजणींनी शटर बडवलं, ओरडल्या, पण रखवालदार होता इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. आग लागली नाही, धूर आपोआप विरला, हे त्यांचं नशीब. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं, की कुलूप लावायचं असेल तर आम्ही आत जाणार नाही. व्यवस्थापक मऊ बोलणारे गृहस्थ होते. आवाज चढवून बोललेलं त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. सण होऊन जाऊ दे, मग बघू, असं ते म्हणाले. त्या संध्याकाळी सहाजणी खरंच आत गेल्या नाहीत, तेव्हा तितक्याच मऊपणे त्यांनी सगळ्यांना कामावरून काढलं आणि अंगावरची कामाची निळी जाकिटं काढून ठेवायला सांगितली. बाहेर चांगलीच थंडी होती.

भाचीनं हे आत्याच्या घरी येऊन सांगितलं. भाचीच्या घरात दोन लहान मुलं, नवरा ट्रकवर, महिनामहिना बाहेर. रडली नाही, नुसती बोलत राहिली. आत्यानं तिला जेवायला वाढलं आणि स्वतः न जेवता टेबलाची पाटी रंगवायला बसली. दरवर्षी पाटीवर 'गरम कपडे द्या' एवढंच असायचं. या वर्षी खाली आणखी एक ओळ आली: 'आणि रात्री बायकांना कोंडू नका, असं आत जाऊन सांगा.'

व्यवस्थापकांनी पाटी पाहिली आणि पहिली ओळ फार छान आहे म्हणाले. दुसरीवर जरा काही चिकटवता आलं तर बरं. आत्या म्हणाली, चिकटवायला खळ आहे, पण इच्छा नाही. गर्दीत तमाशा नको म्हणून ते हसून निघून गेले. त्यांना वाटलं, हिला पाटीनं नाही, मोठ्या मनानं गप्प करावं. मॉलतर्फेच भरघोस दान द्यावं, फोटो काढावा, म्हणजे ओरडणाऱ्याचा घसा आपोआप बसतो. त्यांनी ऑफिसात हुकूम सोडला, की उद्यापर्यंत गरम कपडे काढा. हुकूम एकाकडून दुसऱ्याकडे गेला, आणि शेवटी ज्याच्यापर्यंत पोचला त्यानं कोठीघर उघडून समोर दिसलं ते खोक्यात भरलं.

दुसऱ्या संध्याकाळी फोटोग्राफर आला, बघे जमले. व्यवस्थापकांनी खोक्यातून एक निळं जाकीट काढून दोन्ही हातांत धरलं, आणि आत्यानं पुढे होऊन ते घ्यायचं, असा बेत होता. आत्या पुढे झाली, जाकीट घेतलं आणि सवयीनं उलटं केलं. मग सुलटं करून छातीपाशी बघत राहिली. तिथे एक चौकोन बाकीच्या कापडापेक्षा गडद होता, आणि त्याच्या कडेनं सुईची बारीक भोकं. तिनं दुसरं काढलं, तिसरं काढलं. सगळ्यांवर तोच चौकोन. ती नावाची पट्टी उसवलेली जागा होती. त्या पट्ट्या तिनंच जिन्याखाली बसून शिवल्या होत्या.

"ही कुणाची जाकिटं आहेत, साहेब?" तिनं विचारलं.

"मॉलची," ते म्हणाले. "आता गरजूंची."

"यांचे पैसे पोरींच्या पगारातून कापलेत तुम्ही. म्हणजे जाकिटं पोरींची. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला तुमचं काय जातंय?"

बघ्यांमधलं कुणीतरी हसलं. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. व्यवस्थापक तिच्या अगदी जवळ आले आणि नेहमीपेक्षाही मऊ आवाजात म्हणाले, "आत्या, जिन्याखालची जागा आम्ही तुम्हाला माणुसकीनं दिलेली आहे, एवढं लक्षात असू द्या."

ती जागा म्हणजे तिचं सगळं होतं. तिथे तिची अर्धी हयात गेली होती, गिऱ्हाईक तिथेच यायचं, घर त्याच्यावर चालायचं. ती जाईल अशी भीती वाटली, हे तिनं नंतर कबूल केलं. पण तोंड मात्र तिच्याही आधी बोलून गेलं. "भाडं घेता ना दर महिन्याला? मग माणुसकी मध्ये कुठून आली?"

आणि तिनं ते खोकं उचललं. टेबलाशी मदतीला आलेल्या यजमानांनी काचेचं दार उघडून धरलं. बाहेर फुटपाथवर त्या सहाजणी रोज संध्याकाळी येऊन उभ्या राहायच्या, कुणी विचारलंच तर सांगायला. आत्यानं एकेकीच्या अंगावर जाकीट चढवलं, आणि त्या वर्षीचं पहिलं दान योग्य माणसांना पोचलं, असं मोठ्यानं सांगितलं.

जागा गेली, अर्थातच. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली झाडू-बादल्या भरल्या होत्या आणि मशीन बाहेर काढून ठेवलं होतं. यजमानांनी कुठूनतरी हातगाडी आणली आणि मशीन मॉलच्या फाटकासमोर, सार्वजनिक फुटपाथवर आणून मांडलं. आयुष्यभर बस चालवली, शेवटी गाडी ढकलायची वेळ आली, एवढंच म्हणाले. आत्या तिथे बसून जाकिटांवर नावाच्या पट्ट्या परत शिवायला लागली. नावं तिला तोंडपाठ होती. तरी ती प्रत्येकीला म्हणायची, "नाव सांग. मोठ्यानं." आणि रस्त्यानं जाणाऱ्या माणसांच्या देखत प्रत्येकीनं आपलं नाव आडनावासकट मोठ्यानं सांगितलं. पहिल्या दोघी लाजल्या. तिसरीपासून आवाज सुटला.

कुणी स्वेटर घेऊन आलं की आत्या म्हणायची, स्वेटर ठेवा, थँक्यू, आता दुसरं दान. आत खरेदीला जाल तेव्हा गल्ल्यावर एकच विचारा, की बायकांचं कुलूप काढलं का? खिशाला तोशीस नाही, कपाट उपसायला नको. काही लोक रागावले. सणासुदीला कशाला हे विषय, म्हणाले. आत्या म्हणायची, सणाला कोंडता येतं, मग सणाला बोलता का येऊ नये? डॉक्टरीणबाई मात्र उत्साहानं एकेका दुकानात जाऊन विचारून आल्या, आणि काहीही विकत न घेता बाहेर पडल्या. आणखी लोक विचारायला लागले. गल्ल्यावरच्या पोरी वैतागल्या, दुकानदार वैतागले, आणि ऐन हंगामात दुकानदारांनी व्यवस्थापकांना गाठलं. लोकांची दया त्या गृहस्थांनी पचवली असती. गिऱ्हाइकाचा प्रश्न पचेना.

ते नमले. पण नमले तेही आपल्या पद्धतीनं. शटरला आतून उघडणारं कुलूप बसवलं, सहाजणींना कामावर परत घ्यायचं ठरवलं, आणि त्याचा समारंभ ठेवला. मंडप, माईक, झगमगाट. 'सणानिमित्त आमच्या कर्मचारी भगिनींना सप्रेम भेट', अशी कापडी पाटी. रेशमी फीत बांधलेली किल्ली भाचीच्या हातात द्यायची आणि तिनं दोन शब्दांत मॉलचे आभार मानायचे. तसा निरोपच आला होता.

आदल्या संध्याकाळी भाची फुटपाथवर आत्याजवळ येऊन बसली. मानते मी आभार, म्हणाली. दोन शब्दांनी काय झिजतंय? पोरांची शाळा आहे. पुन्हा काढलं तर मी कुठे जाऊ? आत्याच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. तिनं ते गिळलं, आणि तिला ओळखणाऱ्या कुणालाही हे खरं वाटणार नाही. जागा जाणं निराळं, आणि दुसऱ्याच्या पोरांच्या तोंडचा घास पणाला लावणं निराळं, एवढं तिला कळत होतं. "तुझी नोकरी, तुझं तोंड," ती म्हणाली. "तुला पटेल ते बोल. मी मागे उभी राहीन, हूं की चूं करणार नाही."

आणि खरंच ती गर्दीच्या अगदी मागे, यजमानांचा दंड घट्ट धरून उभी राहिली. स्टेजवर सहाजणी निळ्या जाकिटांत ओळीनं उभ्या. व्यवस्थापक सुरेख बोलले. सण म्हणजे देणं, असं काहीसं. मग त्यांनी किल्ली भाचीच्या हातात ठेवली. टाळ्या झाल्या. माईक तिच्यापुढे आला.

भाचीनं किल्लीकडे बघितलं.

"मला आभार मानायला सांगितलंय," भाची म्हणाली. "त्या रात्री धुरात आम्ही शटर बडवत होतो. माझी दोन पोरं घरी झोपली होती. जिवंत बाहेर पडता यावं, म्हणून कुणी कुणाचे आभार मानतं का? हे आमचंच होतं. तुम्ही काढून घेतलं होतं. मी आभार मानणार नाही. काम करायला आलेय, ते चोख करीन."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवाव्यात की नाही हेच कुणाला कळेना. व्यवस्थापकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, कारण ते कुठे ठेवायचं हे त्यांनाही सुचत नव्हतं. भाचीनं किल्ली जाकिटाच्या खिशात टाकली आणि स्टेजवरून उतरली. बाकीच्या पाचजणीही तिच्यामागोमाग उतरल्या आणि इमारतीच्या मागच्या बाजूला निघाल्या, कारण पाळीची वेळ झाली होती. गर्दी बाजूला सरून त्यांना वाट देत गेली.

त्या शटरातून आत गेल्या. भाचीनं शटर आतून ओढून घेतलं, कुलूप लावलं, लगेच उघडलं, शटर वर करून बाहेर आली, आणि पुन्हा आत गेली. असं त्या सहाही जणींनी एकेक करून केलं.